नावापुढची चांदणी

आमच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्डवर दोघं. एक मास्तर, साठी ओलांडलेले, मूळचे हार्मोनियमवाले. दुसरा एकोणीस वर्षांचा पोरगा. मी ढोलकीवर, दोघांच्या मधोमध मागे बसतो, त्यामुळे दोघांचेही हात मला दिसतात.

पोराचा हात गोड, आणि त्याहून गोड त्याचा कान. गणपतीच्या दिवसांत आम्ही भूप रागातलं एक गाणं बसवत होतो. गाण्याआधी शहनाईचा तुकडा होता, षड्जावरून थेट मंद्र पंचमापर्यंत उतरणारी मींड. डाव्या हाताशी सूर वाकवायचं जे चाक असतं, ते बहुतेक वाद्यांत मुळात दोनच अर्धस्वर वाकवतं. षड्ज ते मंद्र पंचम हे अंतर पाच अर्धस्वरांचं. पोरानं मेन्यूत शिरून चाक खाली पाच, वर दोन असं बांधलं, पायाखालच्या पेडलला आवाजाचा चढउतार दिला, शहनाईची धार थोडी बोथट केली. दोन तास त्यात गेले. मग त्यानं तुकडा वाजवला आणि गाणाऱ्या ताई माइक हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. इतकी ती मींड खरी होती.

स्क्रीनवर शहनाईच्या नावापुढे एक बारीक चांदणी उमटली होती. बदल केलेत, अजून जपून ठेवलेले नाहीत, एवढाच त्या चांदणीचा अर्थ. मास्तर म्हणाले, ‘‘पोरा, राइट मार.’’ पोरगा म्हणाला, ‘‘मास्तर, सगळं डोक्यात आहे माझ्या.’’

कार्यक्रमाला माणूस मावेना. मध्यंतर संपत आलं आणि जनरेटर बसला. दोन मिनिटं अंधार, मग दिवे आले, दोन्ही की-बोर्ड पुन्हा सुरू झाले. निवेदकानं गाण्याचं नाव घेतलं, पोरानं षड्ज धरला, चाक खाली ओढलं, आणि सूर कोमल निषादावर जाऊन अडकला. भूपात निषाद नाहीच. पोरानं चाक आणखी ओढलं, ते तळाला टेकलेलंच होतं. ताईंनी मागे वळून पाहिलं. पोराचा उजवा हात स्वरपट्टीवर, डावा मेन्यूची बटणं चाचपडतोय, पाय पेडलवर आणि पेडल काहीच ऐकत नाहीये. मी ठेका धरून वेळ काढला. चार आवर्तनं मी वाजवली असतील, पण ती मला अजून आठवतात.

मास्तरांचं वाद्यही त्याच अंधारात बंद पडलं होतं. त्यांनी एक बटण दाबलं, बासरी आली, तिच्यावर तो तुकडा त्यांच्या पद्धतीनं घेतला आणि गाणं उभं राहिलं.

त्या रात्री टेम्पोत मास्तर पोराला रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘लाइट गेली तरी डोक्यातलं जात नाही, हे खरं. पण स्टेजवर ते बोटांपर्यंत यायला वेळ नसतो.’’ मग त्यांनी त्याला जुनी गोष्ट सांगितली. पूर्वी सिंथेसायझरवर आवाज बांधला की प्रत्येक खटका कुठे फिरवलाय ते कागदावर काढून ठेवावं लागे, आणि पुढचं गाणं आलं की कागद बघून सगळे खटके पुन्हा फिरवायचे. 1978 साली कॅलिफोर्नियातल्या सिक्वेन्शियल सर्किट्सनं प्रॉफेट-5 काढला. वाद्यावरचा सगळा आवाज जसाच्या तसा स्मरणात ठेवायचा आणि एका बटणावर परत आणायचा, ही सोय त्यात होती. जागा चाळीस. ‘‘त्या चाळीस जागांसाठी लोकांनी पैसा ओतला,’’ मास्तर म्हणाले, ‘‘आणि आपल्याकडे शेकड्यांनी जागा असून आपण बटण दाबत नाही.’’

दुसऱ्या दिवशी दोघं वाद्यासमोर बसले. राइटचा धडा पाच मिनिटांत संपला. खरा वेळ गेला तो पेडल आणि चाकांवर. पोरानं प्रत्येक आवाजात वेगळं काही बांधलं होतं. बासरीत पेडल म्हणजे घुमारा, व्हायोलिनमध्ये पेडल म्हणजे आवाज, ऑर्गनमध्ये आणखी तिसरंच. मास्तरांनी सगळं एका रांगेत आणलं. पाय कायम आवाजाला, दुसरं चाक कायम कंपनाला, मग आवाज कोणताही असो. पेडल सातव्या क्रमांकावर होतं, तेही त्यांनी बदललं. मिडीच्या, म्हणजे या वाद्यांच्या सांकेतिक भाषेच्या, हिशेबात 7 म्हणजे मूळ व्हॉल्यूम, जो बाकीच्या वाद्यांशी एकदा जुळवायचा आणि सोडून द्यायचा. 11 म्हणजे त्या मर्यादेतला भावाचा चढउतार. पायाला 11 द्यायचा. मला हे फार पटलं. गाण्यात बुडालेल्या माणसाच्या पायाला विचार करायला लावू नये.

शेवटी मास्तरांनी त्यांची निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. प्रत्येक जागेचा नंबर, नाव, चाक किती, पाय कशाला, गाणं कोणतं, पट्टी कोणती. पोरानं विचारलं, ‘‘वाद्यात आहे की सगळं, मग वही कशाला?’’ मास्तर म्हणाले, ‘‘वाद्यातलं माझ्यासाठी. वही दुसऱ्या कुणासाठी.’’

पोरानं वही आणली. त्याच्या वाद्यात आधी ‘नवीन’, ‘नवीन 2’, ‘टेस्ट’ अशी नावं होती, ती पुसून त्यानं गाण्यांची नावं घातली. वाद्याच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर नंबर लिहिले.

पुढच्या वर्षी ऐन अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी तो तापानं फणफणला. भूपाचं गाणं यादीत होतंच. मास्तर आपली जागा सोडून पोराच्या की-बोर्डवर जाऊन बसले, चष्मा लावला, त्याच्या वहीचं पान उघडलं: ‘12. शहनाई भूप. चाक खाली 5, वर 2. पाय 11. पट्टी काळी चार. घाई करू नका, मींड सावकाश.’ त्यांनी बाराव्या जागेचं बटण दाबलं. स्क्रीनवर नाव आलं, पुढे चांदणी नव्हती.

पोराच्या आईनं फोन उचलून त्याच्या उशाशी ठेवला होता. इकडे मी माझा फोन ढोलकीशेजारी चालू ठेवला. मास्तरांनी षड्ज धरला, चाक सावकाश ओढलं, आणि सूर मंद्र पंचमावर जाऊन टेकला.