ठाऊक असण्याचं बळ

भरलेल्या मैदानात शिकामारू नारा हात वर करतो आणि हार मान्य करतो. त्याची प्रतिस्पर्धी तेमारी त्या क्षणी पूर्णपणे त्याच्या कब्जात आहे. त्याच्या सावलीने तिची सावली धरली आहे, तो पाऊल टाकेल तसं तिलाही टाकावं लागतंय. इथवर यायला त्याने काय काय केलं! उन्हं कलताना भिंतीची सावली किती लांबेल याचा हिशेब केला. अंगातलं जॅकेट हवेत सोडून वरून आणखी एक सावली पाडली. आणि तेमारीला मागे रेटत रेटत नेमकं एका खड्ड्यापाशी आणलं. आधीच्या लढतीत नारुतोने जमीन पोखरली होती, तो हा खड्डा. भुयारातून सावली मागच्या बाजूने वर आली आणि तेमारी जागच्या जागी खिळली. एवढं झाल्यावर हा मुलगा सांगतो की माझी चक्रशक्ती संपत आली आहे, पुढे निभाव लागणार नाही, मी थांबतो.

‘नारुतो’ मालिकेतल्या चुनिन, म्हणजे मधल्या दर्जाच्या निंजापदासाठीच्या, परीक्षेची ही लढत. त्या परीक्षेतून बढती मिळते ती एकट्या शिकामारूला. पराभूत उमेदवार उत्तीर्ण होतो, कारण परीक्षकांना पाहायचं होतं ते हे, की उद्या याच्या हाती चार माणसं दिली तर तो त्यांना कुठे नेईल आणि कुठून परत आणील.

मासाशी किशिमोतो यांची ही चित्रकथा १९९९ ते २०१४ या काळात ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात ७०० प्रकरणांत आली आणि तिच्यावरच्या दोन ॲनिमे मालिकांचे मिळून ७२० भाग झाले. एवढ्या पसाऱ्यात चाहत्यांचा लाडका वाद एकच: कोण कोणाला हरवील? इताची की काकाशी, जिराया की ओरोचिमारू? या वादाला खुद्द प्रकाशकांनीही खाद्य पुरवलं. कथेच्या अधिकृत माहितीपुस्तकांत प्रत्येक निंजाला वेग, बळ, बुद्धी, चिकाटी अशा आठ निकषांवर पाचपैकी गुण दिलेले आहेत. बेरीज करा आणि उतरंड लावा, इतकं सोपं. पण कथेतल्या लढती या बेरजेला जुमानत नाहीत. निंजाकथेत ताकद ही एखाद्याच्या अंगात साठवलेली वस्तू नसते. दोघांपैकी कोणाला काय ठाऊक आहे, यावर ती ठरते, आणि म्हणून ती एका क्षणात हात बदलू शकते.

या विचाराची मुळं ‘नारुतो’च्या बरीच मागे आहेत. इगा आणि कोगा ही नावं आपल्याकडच्या घरांतही अनोळखी नाहीत. हिंदीत डब झालेला ‘निंजा हात्तोरी’ बघत वाढलेल्या पिढीला हात्तोरी इगाचा आणि त्याचा प्रतिस्पर्धी केमुमाकी कोगाचा, हे पाठ असतं. प्रत्यक्षात हे दोन डोंगराळ प्रदेश एकमेकांना खेटून होते. दोन्हीकडच्या विद्या एकत्र करणारा ‘बानसेनशूकाई’ हा ग्रंथ इगाच्या फुजिबायाशी घराण्यातल्या माणसाने १६७६ मध्ये सिद्ध केला. युद्धं थांबली होती, हातची विद्या विसरली जाण्याची भीती होती, म्हणून ती लिहून ठेवली. त्यात वेशांतर आहे, घुसखोरी आहे, आगीचे आणि बंदुकीच्या दारूचे प्रयोग आहेत, हवामानाचे अंदाज आहेत. समोरासमोरच्या झुंजीला त्यात फारसं स्थान नाही. १६३७-३८ च्या शिमाबारा बंडात कोगाच्या माणसांना हारा किल्ल्याकडे पाठवलं गेलं ते खंदक किती खोल, तट किती उंच, वाटा कशा आहेत हे बघून यायला. बघून येण्यात परत येणं आलंच. मेलेल्या हेराची माहिती त्याच्याबरोबर जाते.

१९५८-५९ मध्ये यामादा फुतारो यांनी लिहिलेल्या ‘कोगा निनपोचो’ या कादंबरीने या विद्येला अद्भुताची जोड दिली. तिच्यावरून पुढे ‘बॅसिलिस्क’ ही चित्रकथा आणि २००५ मध्ये ॲनिमे मालिका आली. तोकुगावा घराण्याचा वारस ठरवण्यासाठी इगाचे दहा आणि कोगाचे दहा निंजा एकमेकांचा संहार करतात, हे तिचं कथानक. प्रत्येकाजवळ एकच विलक्षण विद्या. ती समोरच्याला माहीत नसेल तोवर अजिंक्य, आणि कळली की तिची किंमत निम्म्यावर. पण मला या कथेतला सगळ्यात भेदक डाव वाटतो तो कुठल्याही विद्येचा नाही. दोन घराण्यांतला शांततेचा करार मोडला, ही बातमी इगाला आधी कळते आणि ते ती दाबून ठेवतात. कोगाचा तरुण नायक गेन्नोसुके तेव्हा त्यांच्याच गावात पाहुणा आहे. कोगाची माणसं मरू लागतात तेव्हा युद्ध सुरू झालंय हेही त्यांना माहीत नसतं. त्याहून वाईट म्हणजे इगाचा तेन्झेन ही बातमी स्वतःच्याच नायिकेपासून, ओबोरोपासून लपवतो. तिची नजर कुणाचीही विद्या निकामी करू शकते, म्हणजे इगाचं सर्वांत मोठं अस्त्र तीच. तिला अंधारात ठेवून तिच्या नावाने लढाई चालवली जाते. सत्य कळल्यावर ती स्वतःचेच डोळे औषधाने मिटून घेते. शत्रूला फसवण्यासाठी रचलेलं कपट आपल्याच सेनेचा कणा मोडतं.

किशिमोतोंनी हा धागा उचलला आणि पुष्कळ लांब नेला. नारुतोचा गुरू काकाशी आणि मारेकरी झाबुझा यांची दुसरी लढत बघा. पहिल्या लढतीत झाबुझा हरला, पण काकाशीचा शारिंगान डोळा कसा चालतो हे त्याने आणि झाडीआडून पाहणाऱ्या त्याच्या साथीदाराने, हाकूने, टिपून ठेवलं. म्हणून पुन्हा येताना तो इतकं दाट धुकं पसरतो की बघणारा डोळा बिनकामाचा व्हावा, आणि स्वतःही डोळे मिटून केवळ कानांच्या भरवशावर लढतो. पराभवातून शिकणं याहून चांगलं कुठलं असेल? काकाशीचं उत्तरही त्याच तोलाचं. तो छातीवर वार झेलतो. आता झाबुझाच्या हत्याराला त्याच्या रक्ताचा वास लागला आहे, आणि जमिनीखालून त्याचे कुत्रे त्या वासाच्या मागावर निघतात. डोळा गेला, कान अपुरा, तर नाक. दोघांच्या ताकदीत पहिल्या आणि दुसऱ्या लढतीदरम्यान तसूभरही फरक पडलेला नव्हता.

तरीही डावपेचांचं शिखर मला शिकामारू आणि हिदानच्या लढतीतच दिसतं. हिदान मरत नाही. शत्रूचं रक्त चाखायचं, जमिनीवर आपल्या देवतेचं चिन्ह काढून त्यात उभं राहायचं आणि स्वतःला भोसकायचं. जखम दोघांना होते, मरतो मात्र शत्रूच. शिकामारूचे गुरू असुमा असेच गेले, त्याच्या डोळ्यांदेखत. दुःखाने वेडा झालेला शिष्य सूड घ्यायला धावतो, असं दृश्य इथे सहज लिहिता आलं असतं. शिकामारू रडतो, वडिलांसमोर शोगीचा पट मांडतो, आणि मग बसून विचार करतो. त्या जीवघेण्या चकमकीत त्याने हिदानच्या विद्येच्या अटी एकेक करून ओळखल्या होत्या. आता त्या अटीच तो वापरतो. हिदानच्या तोंडी रक्त जातं ते शिकामारूचं नाही, हिदानच्याच जोडीदाराचं, काकुझूचं. काकाशीने ते लढतीत मिळवून दिलेलं. हिदान मोठ्या आनंदाने स्वतःला भोसकतो आणि तिकडे काकुझूचं एक हृदय बंद पडतं. मग नारा घराण्याच्या रानात, आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यावर, तारा आणि स्फोटक कागद, आणि ठिणगीला असुमांचा लायटर. ज्याला मारता येत नाही त्याला पुरता येतं.

या योजनेत एक गोष्ट नजरेआड होऊ नये. काकाशी, शिकामारूचे सोबती इनो आणि चोजी, प्रत्येकाला आपला वाटा ठाऊक होता. शिकामारूचं डोकं एकट्याचं असलं तरी डाव एकट्याचा नव्हता.

पेनचा पराभवही असाच अनेकांच्या हातून घडतो. सहा देहांतून एकाच वेळी बघणाऱ्या या शत्रूपुढे नारुतोचा गुरू जिराया टिकत नाही. मरता मरता तो फुकासाकू या वृद्ध बेडकाच्या पाठीवर सांकेतिक खुणा कोरतो. त्या खुणा उलगडतात तेव्हा एवढंच कळतं की खरा पेन त्या सहांत नाहीच. काकाशीच्या झुंजीतून उमगतं की त्याच्या ढकलून देणाऱ्या विद्येला पाच सेकंदांची उसंत लागते. अखेर नारुतो त्याच पाच सेकंदांत शेवटचा देह पाडतो आणि देहांतल्या काळ्या सळ्यांचा माग काढत खऱ्या पेनपर्यंत, म्हणजे नागातोपर्यंत, पोचतो. एकास एक तुलना केली तर पेन यांतल्या प्रत्येकाहून भारी. त्याला हरवलं ते मेलेल्यांनी मागे ठेवलेल्या माहितीने. शिमाबाराच्या खंदकाची खोली मोजून आलेल्या माणसांना हे दृश्य परकं वाटलं नसतं.

शेवटच्या महायुद्धात कथा हा गुण बराचसा गमावते, याची मला खंत वाटते. मादारा आणि कागुया हे महाबली शत्रू येतात तेव्हा डोंगर उडतात, चंद्र बांधला जातो, आणि ज्याच्या अंगी जन्मजात किंवा दान मिळालेली शक्ती अधिक त्याचं पारडं जड होतं. मायतो गाय देहातली शक्तीची आठही द्वारं उघडून मादाराला मरणाच्या दारापर्यंत नेतो, केवळ घामाच्या जोरावर. पण मादारा त्यातूनही उठतो. ज्या कथेने रॉक ली नावाच्या, एकही जादू न येणाऱ्या मुलाला गाराच्या वाळूपुढे उभं केलं, तिने शेवटी वंशाला इतकं वजन द्यायला नको होतं.

राहिला इताची. चाहत्यांच्या उतरंडीत तो जवळपास नेहमी वरच असतो, आणि डावपेचांची खोली मोजायची तर त्याच्याशी तुलना टळत नाही. धाकट्या भावाशी, सासुकेशी, त्याची झुंज हरण्यासाठीच होती. आजाराने पोखरलेल्या शरीरात त्याने बळ राखून ठेवलं, सासुकेला शेवटच्या थेंबापर्यंत दमवलं, त्यामुळे सासुकेच्या अंगात दडलेला ओरोचिमारू बाहेर आला, आणि इताचीने त्याला तोत्सुका तलवारीने कायमचा बंद केला. मग भावाच्या कपाळाला बोट लावून तो कोसळला. त्याआधी सासुकेच्या डोळ्यात मुखवटाधारी शत्रू तोबीसाठी काळ्या ज्वाळांचा सापळा आणि नारुतोच्या शरीरात शिसुईचा, समोरच्याचं मन फिरवणारा डोळा असलेला कावळा ठेवून गेला. इतक्या पुढचं बघणारा दुसरा निंजा या कथेत नाही.

आणि तरी योजना फसते. भावाने आपला द्वेष करावा, आपल्याला मारावं आणि गावाचा नायक व्हावं, हा तिचा हेतू. इताचीने स्वतःचं घराणं संपवलं ते गावाच्या आदेशावरून, हे खरं सासुकेला कळतं ते इताचीच्या मृत्यूनंतर, तेही तोबीच्या तोंडून, त्याला हवं तसं. नायक होणारा मुलगा त्याच गावाचा शत्रू होतो. नारुतोतला कावळा बाहेर पडतो तो काबुतोने पुन्हा उठवलेल्या इताचीलाच त्या ताब्यातून सोडवायला; ज्याच्यासाठी तो ठेवला होता त्या सासुकेवर तो कधीच वापरला जात नाही. सगळं एकट्याने पेलायला निघालो तिथेच चुकलो, हे इताची स्वतः नारुतोला सांगतो. ओबोरोला अंधारात ठेवणाऱ्या तेन्झेनचा हेतू नीच होता आणि इताचीचा प्रेमाचा, पण दोघांनीही आपल्याच माणसाला पटावरचं मोहरं मानलं. म्हणून डावपेचांत मी शिकामारूला इताचीच्या वर ठेवतो, गुणांच्या तक्त्यात इताची कितीही पुढे असला तरी. इताची दुसऱ्यांदा या जगातून जायच्या आधी सासुकेला सगळी हकीकत जशी घडली तशी दाखवतो, आणि पुढे तू काय करायचं ते तूच ठरव, असं सांगतो. सासुकेही लगेच गावाकडे वळत नाही. तो आधी मेलेल्या होकागेंना, म्हणजे गावाच्या पूर्वीच्या प्रमुखांना, उठवून, हे गाव म्हणजे नेमकं काय, ते त्यांनाच विचारायला निघतो.