तोंडाआधी कान

मूल बोलायला शिकतं कसं, या प्रश्नाने राजेलोकांनाही छळलं आहे. इजिप्तच्या सामेटिकस राजाने दोन तान्ही मुलं एका मेंढपाळाच्या हवाली केली आणि त्यांच्यासमोर कुणी चकार शब्द काढायचा नाही अशी ताकीद दिली, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. दोन वर्षांनी मुलं हात पसरून ‘बेकोस’ म्हणाली. फ्रिजियन भाषेत याचा अर्थ भाकरी. झालं, जगातली मूळ भाषा फ्रिजियन ठरली! मुलं शेळ्यांच्या दुधावर वाढली होती आणि शेळ्या काय ओरडतात, याकडे राजाचं लक्ष गेलं नसावं.

अकबर बादशहा जास्त शहाणा निघाला. माणूस भाषा ऐकूनच शिकतो, असं त्याचं म्हणणं होतं. ते पडताळण्यासाठी त्याने काही तान्ह्या मुलांना एका वाड्यात ठेवलं. सांभाळायला दाया दिल्या, पण त्यांना बोलायची बंदी. १५८२ मध्ये बादशहा स्वतः तिथे गेला. चार वर्षांच्या त्या मुलांच्या तोंडून मुक्याच्या आवाजापलीकडे काही निघालं नाही, अशी नोंद अबुल फजलने अकबरनाम्यात केली आहे. लोकांनी त्या वाड्याला ‘गुंग महाल’ म्हणावं, यात नवल नाही. बादशहाचं म्हणणं खरं ठरलं, पण त्याची किंमत त्या पोरांनी मोजली.

अकबराने कानावर बोट ठेवलं होतं. तरीही पुढे तीनशे-चारशे वर्षं अभ्यासकांची नजर राहिली ती मुलाच्या तोंडावर. कधी पहिला शब्द येतोय आणि कधी टिपून घेतोय! डार्विनसुद्धा त्यातलाच. १८३९ साली जन्मलेल्या थोरल्या मुलाच्या त्याने वहीत नोंदी ठेवल्या आणि १८७७ मध्ये त्या ‘माइंड’ या नियतकालिकात छापल्या. बरोबर एक वर्षाचं असताना या पोराने खाण्यासाठी ‘मम’ हा शब्द स्वतःच बनवला. पुढे साखर झाली ‘शु-मम’ आणि काळा ज्येष्ठमध ‘ब्लॅक-शु-मम’. डार्विनच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. ‘मम’ म्हणताना मुलगा शेवटी आवाज चढवायचा, मोठी माणसं प्रश्न विचारताना चढवतात तसा. शब्द त्याचा स्वतःचा, चाल मात्र मोठ्यांसारखी. डार्विनला ते ऐकू आलं, हे त्याचं मोठेपण.

विसाव्या शतकात या प्रश्नावर मोठं रण माजलं. अनुकरण आणि शाबासकी यांतून भाषा घडते, असं मानसशास्त्रज्ञ स्किनरने १९५७ मध्ये मांडलं. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९५९ मध्ये त्याची चिरफाड केली आणि भाषेची घडण मूल जन्मतःच घेऊन येतं असा पक्ष उभा केला. पुस्तकांचे ढीग पडले. पण भांडणाला नवं वळण दिलं ते बोलता न येणाऱ्या बाळांनी.

१९७१ मध्ये पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी एक आणि चार महिन्यांच्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. एकच आवाज पुन्हा पुन्हा ऐकून बाळ कंटाळतं, चोखणं मंदावतं. आवाज बदलला की पुन्हा जोरात चोखू लागतं. एवढ्यावरून कळलं, की या बाळांना ‘ब’ आणि ‘प’ वेगळे ऐकू येतात.

मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा प्रयोग १९८४ मधला, कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांचा. त्यांनी वापरला आपला रोजचा ‘त’ आणि ‘ट’, हिंदी भाषकांच्या उच्चारातला. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक सहज कळला. आवाज बदलला की ती मान वळवायची, कारण तिकडे दिवा लागून एक खेळणं दिसायचं. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना मात्र तो कळेनासा झाला होता. हिंदी घरातलं अकरा-बारा महिन्यांचं बाळ मात्र तो फरक ओळखत होतं. म्हणजे पहिला शब्द उमटायच्या सुमाराला कानाने आपली भाषा निवडून झालेली असते.

मग आपण बाळाशी जे ‘भूभू, माऊ, मम्मं, भुर्र’ करतो, त्याचं काय? पंडितांनी याला बराच काळ पोरकटपणा मानलं. अशोक केळकर यांनी १९६४ मध्ये मराठीतल्या या लाडिक बोलीवर इंग्रजीत शोधनिबंध लिहिला आणि ती शिस्तीने तपासली. लांबवलेले स्वर, वरचा सूर, तोच शब्द दोनदा. आज्यांना जे न शिकवता येतं ते बाळाच्या कानाला नेमकं मानवतं, असं पुढच्या संशोधनानेही दाखवलं. मात्र बोलणारं माणूस समोर हवं. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी ऐकवली. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून बाळं चिनी ध्वनी शिकली. तेच टीव्हीवर पाहून काहीच शिकली नाहीत. बाळापुढे मोबाइल धरून ‘बघ, गाणी ऐकून हुशार होतंय’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

एवढं सगळं कळूनही आपल्या घरांत मूल बोलत नसेल तर वेखंड उगाळतात, ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणतात, काका तीन वर्षांचा होईतो बोलला नव्हता याची आठवण काढतात. म्हणजे पुन्हा नजर तोंडावरच. यात फसगत होते, कारण ऐकू न येणारं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, खिदळतं. ‘बाबाबा, दादादा’ ही माळ मात्र ऐकणाऱ्या बाळाकडून साधारण दहा महिन्यांपर्यंत येते, ऐकू न येणाऱ्या बाळाकडून ती वेळेवर येत नाही. हजारातल्या एक ते तीन बाळांना जन्मतः ऐकण्याचा दोष असतो. महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. तपासणी काही मिनिटांची, बाळ झोपलेलं असतानाही होणारी, अजिबात न दुखणारी. बारशाच्या धावपळीत तेवढं एक काम करून टाका.