भरतकामाची मागची बाजू

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये घरातले ‘लिनन’ म्हणून जे ओळखले जाते, ते सगळेच जवसाच्या धाग्याचे नसते. टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, नॅपकिन, टेबलावरच्या लांबट पट्ट्या यांतले बरेचसे साधे सुती कापडच असते. नाव तेवढे जुने राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९५०च्या दशकापर्यंत तिथल्या बायकांनी या कापडांवर अमाप भरतकाम केले. नक्षी मात्र बहुधा विकतची असे. गरम इस्त्रीने कापडावर उतरणारे छाप १८७०च्या दशकात निघाले; पुढे अमेरिकेत सेंटभर किमतीचे छापील चौकोन आले आणि १९३०च्या दशकात कॅन्सस सिटीच्या ‘आंट मार्था’ छापांनी घरोघरी जागा मिळवली. त्यामुळे तीच झालरीच्या टोपीतली मुलगी आणि तीच फुलांची परडी एकमेकींना कधीही न भेटलेल्या असंख्य बायकांनी भरली.

हे कापड टिकले ते फारसे वापरले गेले नाही म्हणून. रुखवतात मांडलेला भरलेला टेबलक्लॉथ जसा नंतर ट्रंकेत जातो, तसेच तेही पाहुण्यांची वाट पाहत खणात पडून राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदी नॅपकिन आणि इस्त्री न लागणारी कापडे रुळली, आणि खळ घालून कडक इस्त्री करण्याची हौस ओसरली. आता घरे रिकामी होताना हे कापड जुन्या बाजारात येते. मधोमध चहाचा डाग असला, घडीच्या रेषेवर पिवळेपणा आला असला, की त्याला फारशी किंमत येत नाही. क्विल्ट, म्हणजे कापसाचा थर घातलेली तिकडची गोधडी, करणाऱ्यांना नेमके तेच हवे असते; अशा कापडांचे तुकडे जोडून ते नवे क्विल्ट शिवतात.

कामाची सुरुवात धुण्यापासून होते, आणि घातही बहुधा तिथेच होतो. लाल दोऱ्याच्या कामाचा रंग कधी कधी सुटतो; म्हणून ओला पांढरा बोळा आधी प्रत्येक रंगावर दाबून पाहावा लागतो. क्लोरीनचे ब्लीच जुन्या धाग्याला मारक ठरते. त्यापेक्षा रंग पक्का असल्यास ऑक्सिजन ब्लीचच्या कोमट पाण्यात कापड भिजत ठेवणे बरे. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून करतात, म्हणजे टाके चेपत नाहीत. धुऊन सैल झालेल्या कापडाला मागून पातळ अस्तर देतात, मग तुकडे कापून जोडतात. क्रोशाची किनार सहसा कापत नाहीत. ती शेजारच्या तुकड्यावर तशीच आडवी पसरतात, त्यात एखादे भोक किंवा डागही झाकला जातो. शेवटी वरचे कापड, कापसाचा थर आणि पाठ अशा तीन थरांतून शिवण घालतात. ही शिवण भरलेल्या फुलाच्या कडेने जाते, फुलावरून नाही.

भरलेले कापड कापावे का, यावर या कामाच्या जाणकारांत एकमत नाही. गोधडीत हा वाद निघत नाही. तिथे लुगडे आणि धोतर आधीच विरलेले असते. धावदोरा त्याला आणखी काही वर्षे देतो. इथे कापड धडधाकट असते आणि कात्री बाहेरून येते. तरी सरसकट नकार पटण्यासारखा नाही. छाप हजारो घरांत गेला होता. एक परडी कापल्याने ती नक्षी नाहीशी होत नाही. करणारीचे नाव ठाऊक असलेले, डाग नसलेले कापड मात्र अखंड ठेवावे.

खरे नुकसान कापण्यापेक्षा मागची बाजू झाकण्यात आहे. छाप सर्वांचा एक असला तरी हात एकीचाच असतो, आणि तो मागे दिसतो: दोरा गाठ मारून संपवला की टाक्यांखाली दडवला, एका पाकळीवरून दुसरीवर किती लांब ओढला, कुठे दोरा संपला म्हणून जवळच्या छटेवर भागवले. समोर विटलेला गुलाबी रंग उजेड न लागलेल्या मागच्या बाजूला अनेकदा मूळच्या तेजात सापडतो. क्विल्ट झाल्यावर हे सगळे कापसाच्या थराआड जाते. इस्त्रीने चिकटणारे अस्तर सोयीचे खरे, पण ते पुन्हा निघता निघत नाही. पातळ मलमल कच्च्या टाक्यांनी लावली तर ती कधीही उसवता येते. याला वेळ दुप्पट लागतो, पण मागची बाजू शाबूत राहते. अस्तर लावण्याआधी त्या बाजूचा फोटो काढून घेतला, तर क्विल्ट न उसवताही ती पाहता येते.