पितळ आणि दगड

मी जयपुरात नोकरीला आलो तेव्हा आमच्या कार्यालयात भांडाराच्या हिशोबासाठी नवं सॉफ्टवेअर बसवलं जात होतं. तीन वर्षांनंतरही ते बसवलंच जात होतं. भांडारातला माणूस रोज त्यात नोंदी भरायचा आणि मग त्याच नोंदी लाल वहीत उतरवायचा, कारण हिशोब जुळायचा तो वहीतच. हे सगळ्यांना ठाऊक होतं. बैठकीत मात्र ‘दुसरा टप्पा’ असा शब्द होता. मीही तोच वापरला. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ती झाकून धरायला कुणाचे तरी हात अडकतात.

पाहुणे आले की त्यांना जंतरमंतर दाखवणं माझ्याकडे असे. यंत्रं एवढी अवाढव्य कशाला, हा त्यांचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर एका फसलेल्या प्रयोगात आहे. सवाई जयसिंहाने आधी ग्रंथांबरहुकूम पितळी यंत्रं करवून घेतली होती. ती त्याच्या मनासारखी अचूक निघाली नाहीत. आकार लहान, त्यामुळे कलांच्या खुणा करायला जागा नाही. आस हलायचे, झिजायचे. वर्तुळांची केंद्रं सरकायची. ही कारणं कुणा टीकाकाराने शोधून काढलेली नाहीत. बादशहा मुहम्मदशहाच्या नावाने सिद्ध केलेल्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’च्या प्रस्तावनेतच ती नोंदलेली आहेत. आपलं पितळ आपणच उघडं पाडायचं, तेही बादशहासमोर! आमच्या बैठकीत तर समोर बादशहाही नव्हता.

पण ही गोष्ट इथे थांबवली तर ती फार सोयीची होईल. पितळ सोडून जयसिंह दगडचुन्याकडे वळला. जयपूरचं मोठं सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच. त्याच्या पट्टीवर दोन सेकंदांपर्यंतच्या खुणा आहेत. दोन सेकंदांत तिथे सावली जेमतेम दोन मिलिमीटर सरकते. सूर्य मात्र बिंदू नाही, तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड कित्येक सेंटिमीटर पुसट पडते. आकार वाढवला तसा तो पुसटपणाही वाढला. दुर्बीण त्याला अपरिचित नव्हती. गुरूचे चार चंद्र, शुक्राच्या कला यांचा उल्लेख त्याच झीजमध्ये आहे. युरोपात तोवर मापनाची यंत्रंच दुर्बिणीला जोडली गेली होती. इथे तसं झालं नाही. पितळ सोडणाऱ्याला दगड सोडवला नाही.

का, हे मी त्या चौथऱ्यावर उभा राहून पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. पितळ वितळवता येतं. चूक भट्टीत जाते आणि धातू परत मिळतो. दगडाला ती सोय नाही. शिवाय पहिली चूक एकदा कबूल केली की दुसरीही करावी लागेल, ही भीती पहिलीपेक्षा मोठी असते का? मी स्वतः पहिलीपर्यंतही पोचलो नव्हतो, तेव्हा राजाला नावं ठेवायचा अधिकार मला नाही.

आमचं सॉफ्टवेअर कुणी बंद केलं नाही. एका सोमवारी ते उघडेना, एवढंच. दुरुस्तीला कुणी आलं नाही, बैठकीत विषय निघाला नाही. आठवड्याने भांडारातला माणूस लाल वही काखेत धरून माझ्या टेबलाशी आला.

‘‘साब, अब एक ही जगह लिखना है ना?’’

तसा लेखी आदेश अजून आलेला नाही, असं मी त्याला सांगितलं.