वजाबाकी अडते कुठे?

सेमी इंग्रजीत सहावीला गणित शिकवणाऱ्याला वह्या तपासताना एक चूक हमखास भेटते. 'सबट्रॅक्ट एट फ्रॉम ट्वेंटी' म्हटलं की मुलं 8 − 20 मांडतात, आकडे कानावर पडले त्याच क्रमाने. 'विसातून आठ वजा करा' म्हटलं की तीच मुलं नीट मांडतात. मग कच्चं काय, गणित की इंग्रजी? लाल शाईच्या फुलीतून ते कळत नाही. गणिताच्या शिक्षकाने द्विभाषिक शिक्षणाच्या संशोधनाकडे वळावं ते इथूनच, असं मला वाटतं. भाषाप्रेमातून वळलेला माणूस उत्तर आधीच खिशात घेऊन येतो.

कारण मराठीही काही कमी अडवत नाही. 'त्रेसष्ट' ऐकून 36 लिहिणारं मूल तोच घोटाळा करत असतं: तीन आधी ऐकू आले, आधी लिहिले. इंग्रजीत इथे क्रम सरळ आहे, कन्नड-तेलुगूतही. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' अशा वाचनाचा पर्याय आला आणि केवढा गदारोळ झाला! विधानसभेतही टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीने सांगत होत्या, जुनी नावं काढलेली नाहीत, जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांत अडणाऱ्या मुलांसाठी ही सोय आहे. नॉर्वेने 1951 मध्ये असाच बदल सरकारी निर्णयाने केला होता. आपल्याकडे मात्र मुलं नेमकी कुठे अडतात, हे विचारण्याआधीच अस्मिता दुखावली.

मुंबईतल्या गोराईत तर हिशेब आणखी गुंतागुंतीचा. खाडीपलीकडच्या या गावात कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतली मराठी पुस्तकातल्यासारखी नाही. म्हणजे प्रमाण मराठी इथल्या कित्येक मुलांची दुसरी बोली, इंग्रजी त्यानंतरची. हिंदी बाजारातून आपसूक येते ती निराळीच. 'द्विभाषिक' हा शब्द इथे तोकडा पडतो.

1974 पासून मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, आता मानखुर्दला. मुलांच्या चुकांकडे पुरावा म्हणून बघायला तिथे शिकता येतं. पण पुरावा गोळा व्हायचा तो गोराईच्या वर्गातच: एकच उदाहरण एकाच मुलाला घरच्या बोलीत, पुस्तकी मराठीत आणि इंग्रजीत, काही दिवसांच्या अंतराने द्यायचं आणि फक्त उत्तर न बघता मांडणी उतरवून घ्यायची. निकालपत्रकात याला रकाना नाही. वही वेगळी घालावी लागते, तीही पोर्शन संपवण्याच्या घाईत.