कोंदणातलं द्वैत

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं कित्येक पिढ्यांपासून गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं हे त्यांचं काम. देशातल्या कुठल्याही मोठ्या सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत शिरलं, तर भट्टीशेजारी माणदेशी वळणाचं मराठी कानावर पडण्याचा संभव बराच असतो. त्या भट्टीतल्या मुशीत तुटकी बांगडी, जोडी हरवलेली कुडी, झिजलेली वाटी सारं एकत्र जातं. १०६४ अंश सेल्सिअसला सोनं वितळतं आणि मग त्यात बांगडी कुठली नि कुडी कुठली, हा प्रश्नच उरत नाही. उरतं ते वजन आणि कस.

वेदान्ताचा एक फार जुना दाखला या भट्टीपाशी उघड्या डोळ्यांनी दिसतो. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात श्वेतकेतू बारा वर्षं शिकून, विद्येचा ताठा घेऊन घरी येतो. बाप उद्दालक त्याला विचारतो, जे एक जाणलं की सगळं जाणलं जातं, ते तू विचारलंस का? मग तो तीन दाखले देतो: मातीचा गोळा, सोन्याचा गोळा आणि नखं काढायची लोखंडी नराणी. सोनं कळलं की सोन्याचं सगळंच कळलं. आकार म्हणजे केवळ नावं, खरं ते सोनं. पुढे शंकराचार्यांच्या परंपरेने हा दाखला इतका वापरला, की ‘अलंकार आणि सुवर्ण’ म्हटलं की कीर्तनातल्या श्रोत्यालाही पुढचं वाक्य ठाऊक असतं.

पण या दाखल्याने सोनाराची पंचाईत होते. आकार जर नावापुरताच असेल, तर जो माणूस उभा जन्म आकार देण्यात घालवतो, त्याने शिकलं तरी काय? गलाईवाल्याला जे एका तासात दिसतं, त्याच्याकडे पाठ फिरवून तो आयुष्यभर बसला आहे का?

बृहदारण्यक उपनिषदाने हाच माणूस दुसऱ्या बाजूने पाहिला आहे. तिथे, चौथ्या अध्यायात, मरणानंतर जीव पुढचं रूप कसं घेतो हे सांगताना ऋषी सोनाराचं काम डोळ्यांसमोर ठेवतो. सोनार सोन्याचा तुकडा घेऊन त्यातून आधीपेक्षा नवं आणि अधिक मंगल रूप घडवतो, तसं आत्मा करतो. इथे आकार खोटा ठरवण्याची घाई नाही. घडवणं हे आत्म्याच्याच कर्तृत्वासारखं मानलं आहे. एक उपनिषद सोन्याच्या बाजूने बोलतं, दुसरं सोनाराच्या.

सोनाराची बाजू कळायची तर त्याचं शिकणं पाहावं लागतं. नव्या पोराच्या हातात पहिल्या दिवशी सोनं पडत नाही. तो तांब्या-पितळेवर हात बसवतो, जमीन झाडतो, झाडलेला केर जपून ठेवतो. कारण कानशीने उडालेला कण त्या केरात असतो आणि झारेकरी ती धूळ धुऊन सोनं परत काढतो. मग पत्रा ठोकायचा, पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून तार ओढायची. इथे धातू स्वतः शिकवायला लागतो. ठोकत गेलं की सोनं कडक होतं, ताव देऊन मऊ केलं नाही तर चिरतं. ताव जास्त झाला तर कड वितळून गोळी होते. झाळताना टाकणखार कमी पडला तर सांधा धरत नाही. आणि याच धातूचा एक ग्रॅम, कुशल हाताखाली, सुमारे एक चौरस मीटरभर वर्ख होऊन पसरतो.

म्हणजे आकार हा सोन्यावर बाहेरून लादलेला मुखवटा नव्हे. पसरणं, वळणं, ताणलं जाणं हे सोन्याच्या अंगातच आहे. ज्याने बांगडी वळवली, त्याला सोन्याविषयी असं काही कळलं आहे जे केवळ मुशीत पाहणाऱ्याला कळत नाही.

ज्ञानदेवांनी ही गोष्ट अचूक ओळखली होती. चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून त्यांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, असं परंपरा सांगते. त्या चांगदेव पासष्टीच्या आरंभीच सोन्याचा दाखला येतो, पण त्याचा रोख वेगळा आहे. सोन्याचं सोनेपण जराही उणं न होता ते लेणं झालं; तसंच परमतत्त्व स्वतः न खर्चता जग झालं. उद्दालकाचा दाखला लेण्याकडून सोन्याकडे परत नेतो, ज्ञानदेवांचा दाखला सोन्याकडून लेण्याकडे येतो. जगाला भ्रम म्हणून झटकून टाकण्यापेक्षा त्याला चैतन्याचा विलास म्हणणारी त्यांची दृष्टी या एका दाखल्यात एकवटली आहे. पेढीवर बसलेल्या कारागिराला मान वर करून ऐकावंसं वाटेल असा हा वेदान्त आहे.

तरीही एक अडचण राहते आणि ती कोणत्याच दाखल्यात आलेली नाही. तत्त्वज्ञांनी दाखल्याला घेतलेला दागिना नेहमी नुसत्या सोन्याचा असतो: कुंडल, कडं, बांगडी. त्यात खडा नसतो.

खडा आला की चित्र बदलतं. गलाईवालादेखील दागिना मुशीत टाकण्याआधी खडे काढून पुडीत बांधतो. उघड्या मुशीत सोनं वितळण्याच्या आधीच हिरा हवेत जळायला लागतो, मोत्याचा चुना होतो, पाचू आधीच आतल्या भेगांनी नाजूक, तो तडकतो. ‘सोनं कळलं की सगळं कळलं’ हा न्याय खड्याशी येऊन थांबतो. खडा सोन्याचा विकार नव्हे. तो पूर्णपणे दुसरा आहे.

आता कुंदनाचं काम जवळून पाहावं. दागिन्याचं घर लाखेने भरलेलं असतं. कारागीर लाख उबवून मऊ करतो, तिच्यावर चांदीचा पातळ, झळझळीत पत्रा ठेवतो आणि त्यावर खडा बसवतो, म्हणजे खालून उजेड परततो. मग चोवीस कॅरेटच्या शुद्ध सोन्याची अगदी पातळ पट्टी घेऊन खड्याच्या कडेने पोलादी सळईने दाबत जातो. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. इथे विस्तव नाही, झाळणं नाही. इतकं शुद्ध सोनं नुसत्या दाबाने थंडपणीच आपल्याच थराशी एकजीव होतं. भेसळ असती तर झालं नसतं. शेवटी कड कोरून घोटली की खडा हलत नाही.

यातली खरी नवलाई अशी, की सोनं खड्याला कुठेच चिकटलेलं नसतं. सोनं सोन्याशीच जुळतं आणि त्या जुळण्याच्या कुशीत खडा धरला जातो. हिऱ्याच्या नख्यांच्या कामात रीत उलटी आहे. तिथे शुद्ध सोनं इतकं मऊ असतं की नख्या वाकतील, म्हणून बहुधा अठरा कॅरेट, म्हणजे पंचाहत्तर टक्के सोन्याचा मिश्रधातू घेतात आणि घराची बैठक उघडी ठेवतात. रीत कोणतीही असो, कारागिराला दोन स्वभाव एकाच वेळी कळावे लागतात. नखी दाबताना हिऱ्याला कुठे जोर सोसतो आणि पाचूला कुठे सोसत नाही, हे बोटांना ठाऊक नसेल तर काम फुकट.

वारकरी विचारातला मोठा प्रश्न इथे येऊन भिडतो. देव आणि भक्त एकच असतील, तर भक्ती कोणी कोणाची करायची? अमृतानुभवाच्या नवव्या प्रकरणात ज्ञानदेव उत्तर देतात, की एकच डोंगर कोरून देव, देऊळ आणि देवाचा परिवार घडवता येतो. तसाच अद्वैतातही भक्तीचा व्यवहार चालतो. उत्तर थोर आहे, पण तिथेही द्रव्य एकच आहे, दगड. कोंदण दुसरी शक्यता दाखवतं. इथे एकत्व विरघळून आलेलं नाही. एकाने आपला स्वभाव शुद्ध राखून दुसऱ्याला जागा दिली, आणि दुसरा आहे तसाच राहून त्या जागेत तेजाळला. शेवटी सगळी द्रव्यं एकाच सत्तेची, असं वेदान्ती म्हणेल आणि त्याचं म्हणणं खोडायचं कारण नाही. मात्र त्या एकत्वापर्यंत जायला दुसऱ्याला वितळवावंच लागतं असं नाही, हे जडावकाम दाखवतं.

पंढरपूरच्या नरहरी सोनारांची कथा या प्रकाशात पुन्हा वाचावी. कट्टर शिवभक्त असलेले नरहरी विठ्ठलाचं तोंडही पाहत नसत. एका सावकाराने नवस फेडण्यासाठी विठ्ठलाचा करदोडा करायला दिला, तेव्हा त्यांनी दुसऱ्याने आणलेल्या मापावर तो घडवला. कधी तो आखूड झाला, कधी लांब. अखेर डोळ्यांवर पट्टी बांधून ते स्वतः माप घ्यायला गेले. हाताला पाच मुखं, सर्प, व्याघ्रचर्म लागलं; पट्टी काढली तर समोर विठ्ठल. परंपरा ही हरिहरांच्या ऐक्याची कथा म्हणून सांगते आणि ते योग्यच आहे. सोनाराच्या कानाला तिच्यात आणखी एक गोष्ट ऐकू येते. समोरच्याला हात लावल्याशिवाय, तो जसा आहे तसा अंगाने जाणून घेतल्याशिवाय त्याच्यासाठी काही घडवता येत नाही. उसनं माप चालत नाही. नरहरी त्यानंतरही सोनारच राहिले. त्यांच्या नावावरच्या प्रसिद्ध अभंगात विवेक, मन, ज्ञान यांना हातोडा, कातर, ताजव्याची जागा मिळाली आहे.

आज मुंबईत अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या कारखान्यांत दागिन्याच्या मेणाच्या नमुन्यातच हिरे बसवतात, त्याभोवती साचा करून मेण वितळवून काढतात आणि त्याच्या जागी सोनं ओततात. साच्याची उष्णता बेताची ठेवतात आणि हिऱ्याला हवेपासून जपतात, म्हणून तो जळत नाही. वितळलेलं सोनं त्याच्याभोवतीने वाहतं आणि थिजताना त्याला पकडून धरतं. ज्या अवस्थेत बांगडी आणि कुडी यांचा भेद पुसला जातो, त्याच अवस्थेतलं सोनं हिऱ्याला वेढतं आणि हिरा हिराच राहतो. अद्वैताचे पाठ देणाऱ्यांनी उद्दालकाच्या तीन दाखल्यांशेजारी हा चौथाही मांडावा, आणि विद्यार्थ्यांना पोथी मिटून तासभर एखाद्या जडाव कारागिराच्या पाटाशी न्यावं. भक्तीत दोघे कसे उरतात, या प्रश्नावर तिथे बोलण्यासारखं पुष्कळ सापडेल.