आफियत मागताना



अलीकडे अनेक मोहल्ल्यांत जुमाच्या नमाजनंतर आरोग्यविषयक व्याख्याने होऊ लागली आहेत. डॉक्टर येतात, मधुमेह व रक्तदाब यांविषयी बोलतात, रमजानमध्ये औषधांच्या वेळा कशा बदलाव्यात हे समजावून सांगतात. ही मोठी सेवा आहे. परंतु मनाच्या आजाराचा विषय तेथे सहसा निघत नाही. निघालाच तर श्रोते माना खाली घालतात, आणि सर्व पांगल्यावर वजूखान्याजवळ एखादा गृहस्थ इमामांना हळूच विचारतो, "घरात एकाला झोप लागत नाही, कशात जीव रमत नाही. काही पढून द्याल का?"

पढून अवश्य द्यावे. दुआ हा मोमिनाचा आधार आहे. पण त्याच माणसाचे हाड मोडले असते तर आपण केवळ पढून घेऊन घरी गेलो असतो काय? बदूंनी औषधोपचार करावेत का, असे प्रेषितांना (स.) विचारले, तेव्हा त्यांनी उपचार करण्यास सांगितले आणि वार्धक्य वगळता प्रत्येक आजारासाठी अल्लाहने उपाय ठेवला असल्याचे स्पष्ट केले. मनाचा आजार त्यातून वगळलेला नाही.

प्रेषितांचे (स.) काका हजरत अब्बास (रजि.) यांनी अल्लाहजवळ काय मागावे असे विचारले असता उत्तर मिळाले: आफियत. काही दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हाही तेच. आफियत म्हणजे केवळ ताप नसणे नव्हे. त्यात देह, मन, घर, दीन सर्वांचे कुशल येते. आपल्या मराठीनेही हे ओळखले आहे. 'स्वस्थ' म्हणजे स्वतःत स्थिर असलेला, आणि 'अस्वस्थ' हा शब्द आपण आजारापेक्षा काळजीसाठीच अधिक वापरतो.

तरीही समाजात उदास माणसाला सर्वप्रथम ऐकवले जाते ते असे, की तुझे ईमान कमजोर झाले आहे. सूरह यूसुफ उघडून पाहा. पुत्रवियोगाच्या शोकाने हजरत याकूब (अ.) यांचे डोळे पांढरे झाले होते. ते तर पैगंबर होते!

याहून पुढची गोष्ट बल्ख प्रांतातील विद्वान अबू जैद अल्-बल्खी यांनी मांडली. त्यांचे निधन इ. स. 934 मध्ये झाले. शरीर व मन या दोहोंच्या स्वास्थ्यावर त्यांनी एकाच ग्रंथात लिहिले. ग्रंथाचे नावच 'मसालिहुल अब्दान वल अन्फुस'. कारण ठाऊक असलेले दुःख आणि कारण न सापडणारे दुःख यांत त्यांनी भेद केला. पहिल्यात समजावणे, धीर देणे उपयोगी पडते; दुसऱ्याचे मूळ त्यांनी शरीरात शोधले आणि त्यावर शारीरिक उपचार सुचवले. रक्तदोषाची त्यांची कल्पना आजचे वैद्यक मानत नाही, पण हा भेद आजही डोळे उघडणारा आहे. "तुला कमी काय आहे?" असे विचारून कारण नसलेले दुःख दूर होत नाही.

हजरत सलमान फारसी (रजि.) एकदा आपले दीनी बंधू हजरत अबू दरदा (रजि.) यांच्या घरी गेले. पत्नीची वेशभूषा अगदीच साधी, विस्कटलेली. विचारले, तर तुमच्या बंधूंना संसारात रस उरलेला नाही, असे ती म्हणाली. अबू दरदा दिवसभर नफल रोजा आणि रात्रभर इबादत करीत. सलमान यांनी त्यांना जेवायला लावले, झोपायला लावले, आणि रात्रीच्या अखेरच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज अदा केली. रबचा, देहाचा आणि घरच्यांचाही आपल्यावर हक्क आहे, हे त्यांचे म्हणणे प्रेषितांनी (स.) योग्य ठरवले. अबू दरदा आजारी नव्हते, हे खरे. पण काही तरी बिनसले आहे हे प्रथम सांगितले ते घरातील स्त्रीने, आणि ते तिला विचारले गेले म्हणून. आपल्या व्याख्यानांत मात्र तीच नसते. जुमानंतर मशिदीत ठेवलेल्या कार्यक्रमाला ती येणार कशी? दुपारी, मदरशाच्या सभागृहात, परद्याची सोय करून कार्यक्रम ठेवायला काय अडचण आहे, हे मला समजत नाही.

पैसे घेऊन "गोळ्या बंद करा" असे सांगणाऱ्या आमिलांपासून सावध राहा. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला बहुधा काही आठवडे लागतात. ती डॉक्टरांना न विचारता एकाएकी थांबवणे धोक्याचे आहे. मुलीच्या स्थळाच्या काळजीने तिचा आजार लपवणारे आईबापही थोडे नाहीत. त्यांची भीती खोटी नाही, कारण कुजबुजणारे आपणच असतो.

ज्यांना कोणासमोर बोलणे जड जाते, त्यांच्यासाठी शासनाची 'टेली-मानस' ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, शुल्क नाही, मराठीतही बोलता येते. आजारी व्यक्ती तयार नसेल तर घरच्यांनी फोन करून विचारले तरी चालते.